रोग्याविना रोगकथा

काही वर्षांपूर्वी नाशिक जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत वनस्पतींच्या रोगांवर बोलण्यासाठी गेले होते. श्रोते नववी-दहावीचे, बहुतेक द्राक्षबागायतदारांच्या घरचे. त्यांना केवडा आणि भुरी यांतला फरक सांगणे म्हणजे कोळ्याच्या पोराला मासा ओळखायला शिकवण्यासारखेच. म्हणून मी इतिहासाकडे वळले. आयर्लंडचा बटाटा, सिलोनची कॉफी, बोर्दोची द्राक्षे अशा गोष्टी सांगितल्या. गोष्टी रंगल्या. शेवटी मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला आणि विचारले, "मॅडम, बागेला आम्ही फवारतो. बांधावरच्या गवताला कोण फवारतं?"

वर्ग हसला. मीही हसले आणि "गवत रानटी असते, काटक असते" असे काहीतरी सांगून वेळ मारून नेली. काटक असते हे काही उत्तर नव्हे. काटक असते म्हणजे नेमके काय, हाच तर त्याचा प्रश्न होता.

परतीच्या प्रवासात ध्यानात आले की मी सांगितलेल्या जवळजवळ सगळ्या गोष्टी एकाच पुस्तकातून उचललेल्या होत्या, आणि त्या मुलाच्या प्रश्नाला त्या पुस्तकातही जागा नव्हती. हे पुस्तक म्हणजे इ. सी. लार्ज यांचे 'द ॲडव्हान्स ऑफ द फंगाय', म्हणजे 'कवकांची आगेकूच'. १९४० साली ते इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाले, पुढे १९६२ मध्ये अमेरिकेत त्याची पुनर्मुद्रित आवृत्ती निघाली. वनस्पतिरोगशास्त्र शिकलेल्या माझ्या पिढीतील अनेकांनी ते विद्यार्थिदशेत वाचले आहे. वनस्पतींच्या रोगांचा इतिहास म्हणून ज्या कथा लेखांत, व्याख्यानांत आणि पाठ्यपुस्तकांच्या चौकटींत आपल्याला भेटतात, त्यांतील बऱ्याच कथांना वाचनीय रूप या पुस्तकाने दिले. म्हणूनच त्याचा गुणदोषविचार करावासा वाटतो. पुस्तक जुने झाले म्हणून नव्हे, तर आपण अजून त्याच पद्धतीने बोलतो म्हणून.

आधी गुणांविषयी. लार्ज हे कादंबरीकार होते. 'शुगर इन द एअर' ही त्यांची कादंबरी या पुस्तकाच्या तीन वर्षे आधी आली होती. व्यवसायाने ते रसायन-अभियांत्रिकीतले. पुढे इंग्लंडच्या कृषिखात्याच्या रोगविज्ञान प्रयोगशाळेत त्यांनी काम केले. गहू-बार्लीच्या वाढीच्या अवस्था मोजण्याची श्रेणी त्यांनी १९५४ मध्ये सचित्र मांडली. लेखणी कादंबरीकाराची आणि नजर कारखान्यातल्या माणसाची, असा हा दुर्मीळ योग आहे. शास्त्रज्ञ त्यांच्या पुस्तकात पुतळ्यासारखे उभे राहत नाहीत. रेव्हरंड बर्कले हे खेड्यातले धर्मोपदेशक सूक्ष्मदर्शकावर वाकलेले दिसतात. मिलार्दे बोर्दोजवळच्या पायवाटेने चालताना दिसतात. एखादा शोध लागण्यापूर्वी लोक कोणत्या चुका किती प्रामाणिकपणे करत होते, हे लार्ज सांगतात, आणि हे सांगणारी पुस्तके आजही थोडीच आहेत.

मिलार्दे यांचीच गोष्ट घ्या. १८७८ च्या सुमारास अमेरिकेतून आलेला केवडा फ्रान्सच्या वेलींवर दिसू लागला. ऑक्टोबर १८८२ मध्ये मेदॉक भागातील सँ-ज्युलियाँ येथे बागेतून जाताना मिलार्दे यांना दिसले, की रस्त्याकडेच्या वेलींची पाने शाबूत आहेत आणि आतल्या वेलींची गळून गेली आहेत. रस्त्याकडेच्या पानांवर निळसर थर होता. चौकशी करता कळले की वाटसरूंनी द्राक्षे चोरू नयेत म्हणून मालकाने मोरचूद आणि चुना कालवून ती पाने रंगवली होती. पुढे गायाँ या रसायनज्ञाच्या मदतीने प्रयोग करून मिलार्दे यांनी १८८५ मध्ये हे मिश्रण जाहीर केले. हेच आपले बोर्डो मिश्रण. एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि शंभर लिटर पाणी हे प्रमाण नाशिकच्या शेतकऱ्याला तोंडपाठ आहे. सुपारीच्या कोळेरोगावर म्हैसूर संस्थानात लेस्ली कोलमन यांनी १९१० च्या सुमारास हेच मिश्रण वापरून दाखवले, आणि कोकण-गोव्यातल्या कुळागरांतही सुपारीच्या घोसांवर पावसाळ्याच्या तोंडाशी ते फवारले जाते. गोष्ट खरी आहे, देखणी आहे आणि वर्गात हमखास रंगते.

आता तक्रार. मिलार्दे यांच्या गोष्टीत पात्रे किती? एक बुरशी, एक शास्त्रज्ञ, एक धूर्त बागमालक आणि न आलेले चोर. द्राक्षवेल? ती आहे, पण भिंतीसारखी. एक जण तिला पोखरतो, दुसरा तिला रंग लावतो. ती स्वतः काही करत नाही. पुस्तकभर हेच होते. बटाटा कुजतो, गहू तांबेऱ्याने लाल होतो, कॉफीची पाने झडतात. कवकांची आगेकूच होते आणि माणूस ती रोखतो किंवा त्याला ती रोखता येत नाही. ज्या जमिनीवरून ही आगेकूच होते ती जमीनही जिवंत आहे, याची दखल लेखक क्वचितच घेतो. प्रतिकारक वाणांचा विषय त्यात अजिबात नाही असे नाही, पण तेथेही नायक संकर करणारा माणूसच असतो. झाडाने आत काय केले म्हणून ते वाचले, हे विचारायला तो थांबत नाही. रोगाची इतकी सुंदर कथा, आणि तिच्यात रोगीच नाही!

याचे मूळ मला पुस्तकाच्या पहिल्याच प्रसंगात दिसते. १८४५ च्या उन्हाळ्यात युरोपभर बटाट्याचे पीक काळे पडून कुजले. आयर्लंडमध्ये पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे मेली आणि तितकीच, किंबहुना अधिक, देश सोडून गेली. कारणाबद्दल दोन मते होती. लंडनचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक जॉन लिंडली म्हणत होते, की थंड, ओल्या हवेत झाडांनी पाणी जास्त शोषले, ते बाहेर टाकता आले नाही, म्हणून ती कुजली, आणि कुजक्या भागावर बुरशी नंतर आली. बर्कले म्हणत होते, की बुरशी आधी आली आणि तिनेच कुजवले. बर्कले बरोबर होते. जर्मनीत डी बारी यांनी १८६१ मध्ये निरोगी झाडावर बीजाणू सोडून रोग घडवून दाखवला आणि वाद संपला. रोगजंतुसिद्धान्ताला पाश्चर आणि कॉख यांनी प्रतिष्ठा मिळवून देण्याच्या आधीची ही घटना आहे. तिचा अभिमान आम्हा वनस्पतिरोगशास्त्रज्ञांना असणे स्वाभाविक आहे.

परंतु या विजयात एक गोष्ट वाहून गेली. लिंडलींचे उत्तर चुकले, प्रश्न चुकला नव्हता. हीच झाडे का, याच वर्षी का, याच वाणाला इतके का, हे त्यांना विचारायचे होते. आयर्लंडमध्ये गरिबांच्या शेतात प्रामुख्याने 'लंपर' नावाचा एकच वाण होता. बटाटा कंदापासून लावतात, त्यामुळे शेतातले प्रत्येक झाड शेजारच्या झाडाची हुबेहूब नक्कल असते. एक बळी पडले तर सगळीच पडतात. आज आपण यजमान, रोगकारक आणि हवामान असा रोगाचा त्रिकोण शिकवतो. बर्कलेंच्या विजयानंतर त्यातली रोगकारकाची बाजू ठळक झाली आणि यजमानाची बाजू कितीतरी वर्षे पुसट राहिली. लार्ज यांनी हा पुसटपणा जसाच्या तसा घेतला आहे.

कोणी म्हणेल, १९४० साली हे कोणाला ठाऊक होते? नंतरचे ज्ञान हाती धरून जुन्या लेखकाला झोडपणे सोपे असते. हा आक्षेप मी मनातल्या मनात स्वतःवरच बराच काळ घेतला. पण तो टिकत नाही. मार्शल वॉर्ड हे सिलोनच्या कॉफीवरील तांबेऱ्याच्या कथेतले प्रमुख पात्र. याच वॉर्ड यांनी १९०२ मध्ये गवतांवरील तांबेऱ्याचा अभ्यास करताना लिहिले आहे, की प्रतिकारक झाडातही बुरशी आत शिरते, पण तिच्या भोवतालच्या पेशी झटपट मरतात आणि बुरशीची उपासमार होते. अमेरिकेत स्टॅकमन यांनी १९१५ मध्ये गव्हाच्या तांबेऱ्यात हेच पाहिले आणि त्याला 'अतिसंवेदनशीलता' असे नाव दिले. हे नाव थोडे घोटाळ्यात टाकणारे आहे. अतिसंवेदनशील म्हणजे नाजूक नव्हे, तर स्पर्श होताच स्वतःच्या काही पेशी मारून टाकणारे आणि त्यामुळे वाचणारे झाड. केंब्रिजच्या बिफेन यांनी १९०५ मध्येच दाखवले होते, की गव्हाचा पिवळ्या तांबेऱ्याला होणारा प्रतिकार मेंडेलच्या नियमाने पुढच्या पिढीत उतरतो. मेंडेलचे वाटाणे शिकवताना हे उदाहरण आपण का देत नाही, हे मला न उलगडलेले कोडे आहे. वाटाण्याच्या सुरकुत्यांपेक्षा ते शेतकऱ्याच्या मुलाला खचितच जवळचे वाटेल. आणि एकदा रोग झालेल्या झाडाला नंतर काही प्रतिकारशक्ती येते का, या प्रश्नावर चेस्टर यांनी १९३३ मध्ये एक मोठा आढावा लिहिला होता. म्हणजे माहिती होती. ती गोष्टीत बसत नव्हती.

आणि एक विलक्षण योगायोग. लार्ज यांचे पुस्तक लंडनमध्ये छापले जात होते त्याच १९४० साली, युद्धाच्या दुसऱ्या बाजूला, जर्मनीत कार्ल ओटो म्यूलर आणि हेर्मान ब्योर्गर यांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. विषय तोच, बटाट्याचा करपा. या निबंधातला प्रयोग मी थोडा सविस्तर सांगते, कारण वर्गात सांगण्यासारखा आहे आणि सहसा सांगितला जात नाही.

त्यांनी एका प्रतिकारक वाणाचे बटाटे कापले. करप्याचे दोन प्रकार त्यांच्याजवळ होते. एक या वाणावर वाढू न शकणारा, दुसरा सहज वाढणारा. बटाट्याच्या कापलेल्या पृष्ठभागावर ठरावीक जागी त्यांनी पहिला, निरुपद्रवी प्रकार लावला. सुमारे एक दिवस जाऊ दिला. मग संपूर्ण पृष्ठभागावर दुसरा, घातक प्रकार पसरला. काय झाले? सगळीकडे करपा फोफावला, पण जेथे आधी निरुपद्रवी प्रकार लावला होता तेथे मात्र नाही. दुसऱ्याच एका बुरशीलाही त्या जागी नीट वाढता येईना. बटाट्यात आधीपासून असलेले एखादे विष बुरशीला मारत असते तर ते सगळ्या पृष्ठभागावर सारखेच दिसले असते. मग त्या ठरावीक जागी आधी नसलेले काहीतरी नवीन तयार झाले होते, आणि ते बटाट्याच्या जिवंत पेशींनी, आक्रमण झाल्यावर तयार केले होते. या अज्ञात द्रव्याला त्यांनी 'फायटोॲलेक्सिन' म्हटले. ग्रीकमध्ये 'फायटॉन' म्हणजे वनस्पती आणि 'ॲलेक्सीन' म्हणजे परतवून लावणे. असे शुद्ध द्रव्य प्रत्यक्ष हाती यायला वीस वर्षे लागली. १९६० मध्ये ऑस्ट्रेलियात क्रुकशँक आणि पेरिन यांनी वाटाण्याच्या शेंगा उकलून, आतल्या ओल्या बाजूवर बुरशीच्या बीजाणूंचे थेंब ठेवून, त्या थेंबांतून 'पिसाटिन' वेगळे केले. आता अशी शेकडो द्रव्ये ज्ञात आहेत.

लार्ज यांच्या पुस्तकातला बटाटा आणि म्यूलर यांच्या प्रयोगातला बटाटा, एकाच वर्षातले हे दोन बटाटे शेजारी ठेवून पाहा. पहिला नुसता कुजतो, दुसरा प्रत्युत्तर देतो. करप्यामुळे जो बटाटा कुजतो तोही प्रत्युत्तर देऊ पाहतच असतो, हे त्यानंतर कळलेले सत्य अधिकच मनोवेधक आहे. करप्याच्या जंतूचा संपूर्ण जनुकसंच २००९ मध्ये वाचला गेला. त्यात एकाच घराण्यातली पाचशेहून अधिक जनुके सापडली, जी झाडाच्या पेशीत सोडायची प्रथिने बनवतात. त्यांपैकी ज्यांचे काम समजले आहे त्यांतली पुष्कळशी झाडाचा प्रतिकार दडपण्याच्या उद्योगात आहेत. ज्या घराला कुलूप नाही तेथे चोर किल्ल्यांचा जुडगा घेऊन कशाला जाईल? या जंतूला इतका मोठा जुडगा बाळगावा लागतो, यावरूनच बटाट्याच्या पेशीत किती कुलपे असतील याची कल्पना करावी. रोग ही नेहमीची स्थिती नसून, प्रतिकार फसल्यावर घडणारा अपवाद आहे. लार्ज यांची कथा आपल्या मनावर नेमके याच्या उलट बिंबवते.

नावाचीही एक गंमत आहे. 'कवकांची आगेकूच' या पुस्तकाचा पहिला खलनायक, बटाट्याचा करपा, मुळात कवकच नाही. द्राक्षाचा केवडाही नाही. दोघेही ऊमायसीट नावाच्या वेगळ्याच गटातले. त्यांचे नाते बुरशीपेक्षा तपकिरी शैवाले आणि डायॅटम यांच्याशी जवळचे. त्यांच्या पेशीभित्तिकेत मुख्यतः सेल्युलोजसारखी द्रव्ये असतात, खऱ्या बुरशीत असते ते कायटिन जवळजवळ नसते. लार्ज यांना याचा दोष देता येत नाही, त्या काळी सगळेच त्यांना बुरशी समजत. पण हा काही फक्त वर्गीकरणकारांचा खेळ नव्हे. द्राक्षबागायतदाराला विचारा. भुरीवर चालणारे हेक्साकोनॅझोलसारखे औषध तो केवड्यावर मारत नाही. ते बुरशीच्या पेशीपटलातले अर्गोस्टेरॉल बनू देत नाही, आणि केवड्याचा जंतू अर्गोस्टेरॉल बनवतच नाही. झाडही हा फरक जाणते. कायटिनचे तुकडे पेशीच्या बाहेरच्या पटलावरील ग्राहकांना लागले की पेशीला बुरशी आल्याची वर्दी मिळते. जिवाणूच्या शेपटीतील प्रथिनासाठी वेगळा ग्राहक, ऊमायसीटांच्या खुणांसाठी आणखी वेगळे. शिक्षकांनी 'बुरशीजन्य रोग' या मथळ्याखाली केवडा आणि भुरी शेजारी शेजारी लिहिताना निदान एक टीप द्यायला हवी.

आता आपल्या वर्गाकडे वळू. वनस्पतिरोग आपण कसे शिकवतो? बहुधा एक तक्ता असतो. पीक, रोग, कारक, लक्षणे, उपाय. गहू, तांबेरा, बुरशी, तांबूस पुरळ, गंधकाची भुकटी. ज्वारी, काणी, बुरशी, काळे दाणे, बीजप्रक्रिया. हा तक्ता म्हणजे लार्ज यांच्या पुस्तकाचेच हाडाचे सापळे आहेत, फक्त मांस गेलेले. 'पीक' हा रकाना पहिला असतो खरा, पण त्यात नुसते नाव. पीक काय करते असा रकाना नाही. शेतकऱ्याच्या घरातले मूल यातून एवढेच शिकते, की पीक हे असहाय असते आणि त्याचे संरक्षण डब्यातून विकत आणावे लागते. बागेत हंगामभर किती फवारण्या होतात, त्यांवर घरचा किती पैसा जातो, हे त्या मुलाला माझ्यापेक्षा चांगले माहीत असते. शाळेने निदान एवढे सांगायला हवे की फवारणी ही झाडाच्या स्वतःच्या बचावाला दिलेली जोड आहे, त्याचा पर्याय नव्हे. खुद्द केवड्यावरच्या औषधांतले फोसेटिल ॲल्युमिनियम काही अंशी वेलीचाच प्रतिकार जागा करून काम करते. मिलार्दे यांच्याबद्दलही अर्धेच सांगितले जाते. मोरचुदाच्या या जनकाने आपल्या आयुष्याची बरीच वर्षे अमेरिकन वेलींशी संकर करून प्रतिकारक द्राक्षे मिळवण्यात घालवली. ती गोष्ट रंगत नाही, कारण तिच्यात चोर नाहीत.

गव्हाच्या तांबेऱ्याबाबत तर आपण परदेशी कथा जशीच्या तशी उचलली आहे. बार्बेरी या झुडपावर तांबेऱ्याचे अर्धे जीवनचक्र पूर्ण होते, ही आकृती मुले घोटून काढतात. आग्र्याच्या करमचंद मेहता यांनी वर्षानुवर्षे खपून दाखवून दिले, की भारतात या झुडपाचा गव्हाच्या रोगाशी व्यावहारिक संबंध नाही. मैदानातल्या कडक उन्हाळ्यात तांबेरा टिकत नाही. तो डोंगराळ भागात, दक्षिणेत निलगिरी-पळणीच्या टेकड्यांवर, टिकून राहतो आणि तेथून वाऱ्याबरोबर खाली येतो. मेहतांचा हा ग्रंथ प्रसिद्ध झाला तोही, पुन्हा योगायोगाने, १९४० साली. महाराष्ट्रातल्या मुलाने तांबेऱ्याची वाट नकाशावर काढायची तर ती निलगिरीपासून काढावी.

दुसऱ्या टोकाबद्दलही सावध करणे जरूर आहे. अलीकडे 'झाडांची फौज', 'वनस्पतींचे सैनिक' अशा मथळ्यांचे लेख वाचायला मिळतात. लार्ज यांनी झाडाला भिंत केले, हे लेखक त्याला सेनापती करतात. दोन्हींत झाड हरवते. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींसारख्या फिरत्या पेशी झाडाला नसतात. त्याची प्रत्येक पेशी भिंतींनी कोंडलेली असते आणि आपल्या जागी आपला बचाव करते. प्रसंगी मरून करते. एका पानावर हल्ला झाला की सॅलिसिलिक आम्लासारख्या द्रव्यांचा सहभाग असलेले संदेश इतर पानांपर्यंत पोहोचतात आणि ती सज्ज होतात, हे खरे आहे. तंबाखूच्या विषाणूवर रॉस यांनी १९६१ मध्ये ते दाखवले. पण याला फुकटचा पराक्रम समजू नये. सतत सज्ज राहणारी झाडे खुरटतात. बचावाला लागणारी साखर वाढीतून आणि दाण्यातूनच वळवावी लागते. आपण शतकानुशतके निवड केली ती भरघोस दाण्यासाठी आणि गोड फळासाठी. एक जनुक घालून प्रतिकार मिळवला तर तो काही वर्षांत मोडू शकतो, हेही सांगावे. फ्लोर यांनी १९४२ पासून जवसाच्या तांबेऱ्यावर केलेल्या कामातून कळले, की झाडाच्या प्रत्येक प्रतिकारक जनुकासमोर जंतूतही एक जनुक असते. जंतूतले ते बदलले की झाडाचे जनुक आंधळे होते. मेक्सिकोच्या रानटी बटाट्यातून आणलेली करपा-प्रतिकारक जनुके एकामागून एक अशीच निकामी झाली.

मग 'कवकांची आगेकूच' वाचावे की नाही? अवश्य वाचावे. इंग्रजी थोडे जड आहे, पण शाळेच्या ग्रंथालयात एक प्रत असेल तर बटाट्याचे आणि बोर्दोचे भाग अकरावी-बारावीच्या मुलांना वाचून दाखवावेत. दाखवताना मधेच थांबून विचारावे, की या क्षणी पानाच्या आत काय चालले असेल? लेखकाने ते लिहिलेले नाही. मुलांनी लिहावे.

जोडीला एक साधी गोष्ट करता येते. बटाट्याचे बेणे कापल्यावर जाणता शेतकरी ते लगेच लावत नाही, एक-दोन दिवस सावलीत पसरून ठेवतो. का, ते पाहण्यासाठी एक बटाटा कापून फोडी झाकलेल्या डब्यात, किंचित दमट हवेत, चार-पाच दिवस ठेवाव्यात. दुसरा बटाटा त्याच दिवशी कापावा. दोन्हींच्या कापलेल्या बाजूवरून बोट फिरवावे. जुन्या फोडीवर बुचासारखा चिवट थर आलेला असतो. तो कोणी लावलेला नाही. मग दोन्ही प्रकारच्या फोडींवर बागेतली चिमूटभर ओली माती टाकून कोणती आधी कुजते ते पाहावे. प्रयोग दर वेळी सारखा येईलच असे नाही. न आला तर का आला नाही, यावर एक तास सहज जातो.

त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर मी नंतर त्याच्या शिक्षकांना पत्राने कळवले. केवड्याचा जंतू गवतावरही पडतोच, रोज पडतो. पण त्याच्या किल्ल्या द्राक्षाच्या कुलपांसाठी घडलेल्या आहेत, गवताच्या पेशींत त्याचे काही चालत नाही. गवताचे स्वतःचे जंतू वेगळे आहेत, आणि त्यांच्याशी गवताचा जमाखर्च फार जुना आहे. बांधावर एकाच वाणाची हजार झाडे दाटीने उभी नसतात, हेही कारण आहेच. शिक्षकांनी मुलांना भिंग घेऊन बांधावर पाठवले. त्यांचे उत्तर आले, की हरळीच्या काही पानांवर मुलांना तांबूस पुरळ सापडले आहेत, मग गवतालाही रोग होतोच म्हणायचा. होतो. मी त्यांना उलट विचारले आहे, की पुरळ आलेल्या पानाच्या शेजारचे पान कसे आहे, आणि प्रत्येक पुरळ किती मोठा होऊन थांबला आहे, ते मोजून कळवा.